मोठ्या स्पर्धेची देवडी

१३ ऑगस्ट २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर एफसी गोवा आणि ओमानचा अल-सीब क्लब यांच्यात फुटबॉलचा एक सामना झाला. गोव्यानं तो २-१ असा जिंकला. या सामन्याला ना चषक होता, ना पदक. मग जिंकून मिळालं काय? तर आणखी सहा सामने खेळण्याचा हक्क! हे सहा सामने आशियातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेतले, म्हणजे एएफसी चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेच्या साखळी फेरीतले होते. दोनच दिवसांनी सोडत निघाली आणि गोव्याच्या गटात सौदी अरेबियाचा अल-नासर क्लब आला. म्हणजे ख्रिस्तियानो रोनाल्डोचा क्लब. ज्या सामन्याकडे फारसं कुणी पाहिलं नव्हतं, त्या सामन्यानं केवढा दरवाजा उघडला, हे तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं.

आता आपल्या वऱ्हाडातला माणूस लगेच विचारेल, 'काहून बा? गोव्यानं तर मे महिन्यातच जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला होता. चषक जिंकलेल्या संघाला पुन्हा परीक्षा कशाला?' प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर ज्या व्यवस्थेत आहे तिला पात्रता फेरी म्हणतात. जुन्या वाड्यात शिरताना आधी देवडी लागते. कोण आलं, कुठून आलं, याची चौकशी तिथं होते आणि मगच माणूस चौकात जातो. पात्रता फेरी ही मोठ्या स्पर्धेची देवडी आहे.

तशी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. अकोटच्या एखाद्या शाळेचा संघ तालुक्यात पहिला आला म्हणून तो थेट राज्य स्पर्धेत जात नाही. आधी अकोला जिल्ह्याची स्पर्धा, मग अमरावती विभागाची आणि त्यानंतर राज्याची. प्रत्येक पायरीवर एक विजेता वर जातो, बाकीचे घरी येतात. मात्र शालेय स्पर्धेत सगळे तालुके एकाच पायरीवरून सुरुवात करतात. क्लब फुटबॉलमध्ये तसं नाही. तिथं कुणी तळमजल्यावरून निघतो, कुणी दुसऱ्या मजल्यावरून, तर कुणाला थेट गच्चीवर खुर्ची मांडून ठेवलेली असते. खरी गंमत इथंच आहे, आणि खरी तक्रारही इथंच आहे.

पात्रता फेरी जन्माला आली ती साध्या हिशेबातून. युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा, युरोपियन कप, १९५५-५६ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी १६ क्लब होते. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, असा सरळ हिशेब. दुसऱ्या वर्षी क्लब झाले २२. आता बावीसचे सोळा कसे करायचे? त्यासाठी १२ क्लबांना आधी आपसात लढवलं. त्यातून सहा उरले. उरलेल्या दहा क्लबांना, आपल्या कबड्डीच्या स्पर्धेत म्हणतात तशी, 'पुढे चाल' मिळाली. सहा आणि दहा मिळून सोळा झाले. पात्रता फेरीचं मूळ तत्त्व एवढंच आहे. ज्यांची संख्या जास्त, त्यांना आधी आपसात गाळून घ्यायचं.

१९९२-९३ पासून ही स्पर्धा चॅम्पियन्स लीग या नावानं ओळखली जाऊ लागली. आज युरोपच्या फुटबॉल महासंघाचे, म्हणजे युएफाचे, ५५ सदस्य आहेत. त्यांतल्या चिमुकल्या लिक्टेनस्टाइनला स्वतःची लीग नाही, तिथले क्लब शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये खेळतात. म्हणजे लीग झाल्या ५४. आणि २०२४-२५ पासून मुख्य स्पर्धेतल्या जागा आहेत ३६. या ३६ पैकी २९ जागा आधीच भरलेल्या असतात. इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी या देशांचे चार-चार क्लब थेट आत येतात, त्यांच्या मागोमाग फ्रान्स, नेदरलँड्स वगैरे. उरल्या सात जागा. या सात जागांसाठी जुलै आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत युरोपच्या कानाकोपऱ्यातले क्लब झुंजतात.

ही झुंज चालते कशी, ते थोडक्यात पाहू. फेऱ्या चार. पहिली, दुसरी, तिसरी आणि शेवटची प्लेऑफ. प्रत्येक फेरीत एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोन सामने, एक आपल्या मैदानावर आणि एक त्याच्या. दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करायची, ज्याची जास्त तो पुढे. बेरीज सारखी झाली तर अर्धा तास जादा वेळ आणि तरीही निकाल लागला नाही तर पेनल्टी किक. पूर्वी बेरीज सारखी झाली, तर परक्या मैदानावर केलेले गोल जास्त असलेला संघ जिंकत असे. तो नियम २०२१ मध्ये रद्द झाला.

याशिवाय रस्ते दोन आहेत. एक रस्ता आपापल्या देशात पहिल्या आलेल्या संघांचा. दुसरा, देशात दुसरे-तिसरे आलेल्या संघांचा. सातपैकी पाच जागा पहिल्या रस्त्याला आणि दोन दुसऱ्या रस्त्याला. असं का केलं? कारण सगळ्यांना एकाच टोपलीत घातलं, तर मोठ्या देशाचा तिसऱ्या क्रमांकाचा श्रीमंत क्लब छोट्या देशाच्या विजेत्याला सहज गिळून टाकेल. निदान पाच विजेते तरी आत यावेत, म्हणून हा बांध घातलेला आहे.

आणखी एक सोय आहे. या फेऱ्यांत हरलेला संघ सहसा रिकाम्या हातानं घरी जात नाही. तो खालच्या स्पर्धेत, म्हणजे युरोपा लीगमध्ये किंवा २०२१ पासून सुरू झालेल्या कॉन्फरन्स लीगमध्ये उतरतो. नॉर्वेमधलं बोडो हे गाव उत्तर ध्रुवीय वर्तुळाच्याही वर आहे आणि लोकसंख्येनं ते आपल्या अकोटपेक्षा लहान आहे. तिथला बोडो-ग्लिम्ट हा क्लब ऑगस्ट २०२४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या प्लेऑफमध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारकडून हरला. दार तोंडावर बंद झालं. पण तो युरोपा लीगमध्ये उतरला, इटलीच्या लॅझिओला हरवत उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, ऑस्ट्रियाच्या स्टुर्म ग्राझला हरवून चॅम्पियन्स लीगच्या मुख्य स्पर्धेत दाखल झाला.

आता कळीचा प्रश्न. कुणी तळमजल्यावरून निघायचं आणि कुणी गच्चीवर बसायचं, हे ठरवतं कोण? ते ठरवतो गुणांक. हा गुणांक क्लबाचा असतो तसाच देशाचाही असतो, आणि सुरुवात कुठून करायची ते प्रामुख्यानं देशाच्या गुणांकावर ठरतं. युरोपातली रीत अशी. एखाद्या देशाच्या सगळ्या क्लबांनी युरोपीय स्पर्धांत एका हंगामात मिळवलेले गुण एकत्र करायचे. विजयाला दोन, बरोबरीला एक. पात्रता फेरीतल्या निकालांना मात्र याच्या निम्मे. त्या बेरजेला त्या देशाच्या क्लबांच्या संख्येनं भागायचं. समजा चार क्लबांनी मिळून २० गुण मिळवले, तर त्या हंगामाचे गुण पाच. अशा पाच हंगामांची बेरीज म्हणजे देशाचा गुणांक. त्यावरून देशांची रांग लागते आणि रांगेनुसार जागा वाटल्या जातात.

हे जरा आपल्या भाषेत सांगतो. अकोटच्या बाजारात कापसाची गाडी आली, की व्यापारी कापूस हातात घेऊन पाहतो. धागा, ओलावा, कचरा पाहतो आणि भाव बोलतो. आता समजा तो म्हणाला, 'तुमचा कापूस राहू द्या बाजूला. तुमच्या गावातून गेल्या पाच वर्षांत कसा कापूस आला, ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. त्यावरून तुमची गाडी रांगेत कुठं लावायची ते ठरेल.' ज्याच्या गावाचं नाव चांगलं, त्याला हे पटेल. पण ज्यानं यंदा जिवापाड मेहनत करून पांढराशुभ्र कापूस आणला आणि ज्याच्या गावाचं नाव मात्र वहीत खाली आहे, त्याला काय वाटेल?

छोट्या देशांच्या विजेत्यांना तेच वाटतं. इंग्लंडमध्ये चौथा आलेला क्लब जुलै महिन्यात विश्रांती घेतो आणि कझाकस्तानचा विजेता मात्र देवडीत उभा असतो. अल्माटी शहराच्या कैरात क्लबाचं उदाहरण घ्या. २०२५ मध्ये तो पहिल्या पात्रता फेरीपासून निघाला. स्लोव्हेनिया, फिनलंड, स्लोव्हाकिया या देशांच्या विजेत्यांना ओलांडून प्लेऑफमध्ये आला. समोर होता स्कॉटलंडचा सेल्टिक, १९६७ साली युरोपियन कप जिंकलेला क्लब. दोन्ही सामने ०-० सुटले. पेनल्टीमध्ये कैरातच्या गोलरक्षकानं तीन फटके अडवले आणि त्याचा क्लब आत गेला. मुख्य स्पर्धेतला त्यांचा पहिलाच सामना होता पोर्तुगालमध्ये लिस्बनला, घरापासून जवळजवळ सात हजार किलोमीटर दूर! पुढे त्यांच्या गावी रेआल माद्रिद आला आणि ५-० असा जिंकून गेला. पण माद्रिदचा संघ अल्माटीला आला, ही गोष्ट त्या शहराच्या लेखी लहान नव्हती.

यात मानाबरोबर पैसाही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. २०२४ नंतरच्या रचनेत मुख्य स्पर्धेत नुसता प्रवेश मिळाला, की क्लबाला १ कोटी ८६ लाख २० हजार युरो मिळतात. आपल्या पैशात दीडशे कोटी रुपयांहून जास्त. एकही सामना न जिंकता! ज्या देशात इतर क्लबांची वर्षाची उलाढाल याच्या पासंगालाही पुरत नाही, तिथं एका क्लबाला ही रक्कम मिळाली तर काय होईल? तो चांगले खेळाडू घेतो, पुन्हा देशात पहिला येतो, पुन्हा पात्रता फेरीत जातो. बाकीचे मागे पडतात. म्हणजे ज्या देवडीतून लहानांना आत यायला वाट मिळाली, तीच देवडी त्यांच्या घरात मोठे-लहान असा नवा भेद निर्माण करते. या व्यवस्थेच्या दोन्ही बाजू पाहायला हव्यात त्या यासाठी.

तरीही देवडीतून आलेल्यांनी वाडा जिंकल्याचे दाखले आहेत. १९९८-९९ मध्ये मँचेस्टर युनायटेड पात्रता फेरीत पोलंडच्या एका क्लबाशी खेळून आत आला आणि शेवटी स्पर्धाच जिंकला. एसी मिलाननं २००३ आणि २००७ मध्ये, लिव्हरपूलनं २००५ मध्ये तेच केलं. लिव्हरपूलची गोष्ट तर आणखी मजेची. २००५ मध्ये युरोपचा विजेता झालेला हा क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये मात्र पाचवा आला होता. विजेत्याला स्पर्धेबाहेर कसं ठेवायचं? शेवटी युएफानं परवानगी दिली, पण पहिल्या पात्रता फेरीपासून खेळण्याच्या अटीवर. जुलै महिन्यात युरोपचा विजेता वेल्समधल्या एका छोट्या क्लबाशी खेळला आणि दोन्ही सामने ३-० असे जिंकून पुढे गेला. लहानांच्या बाजूनं मोल्दोव्हाच्या शेरीफ तिरास्पोलचं नाव घेतलं पाहिजे. २०२१ मध्ये चार फेऱ्या ओलांडून हा क्लब मुख्य स्पर्धेत आला आणि २८ सप्टेंबरला त्यानं माद्रिदमध्ये जाऊन रेआल माद्रिदला २-१ असं हरवलं.

क्रिकेटवाल्यांनाही हे अनोळखी नाही. रणजी करंडकात एके काळी एलिट आणि प्लेट असे दोन गट होते. प्लेट गटातल्या संघांना बाद फेरीसाठी जास्तीची पायरी चढावी लागे. २०१०-११ मध्ये राजस्थान प्लेट गटातून वर आला आणि करंडक घेऊन गेला. आपल्या विदर्भाच्या संघानंही बरीच वर्षं प्लेट गटात काढली. पुढे त्याच विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये रणजी करंडक जिंकला. खालून सुरुवात केली म्हणजे खालीच राहावं लागतं असं नाही. वर जायला जिना असला पाहिजे, एवढंच.

आता पुन्हा आपल्या खंडाकडे येऊ. आशियातही क्लबांच्या स्पर्धेत पात्रता फेऱ्या आहेत, पण तिथं बहुतेकदा एकाच सामन्यात निकाल लागतो. चूक दुरुस्त करायला दुसरा सामना नाही. भारतीय क्लबांनी या एका सामन्याच्या परीक्षेत अनेकदा ठेच खाल्ली आहे. २०११ मध्ये गोव्याचा धेंपो क्लब कतारच्या अल-सादकडून २-० असा हरला. पण तोच अल-साद पात्रता फेरीतून आत जाऊन त्या वर्षीचा आशियाई विजेता झाला, हे लक्षात घेतलं की धेंपोच्या पराभवाचं मोल वेगळं वाटतं. २०१४ मध्ये पुणे एफसी व्हिएतनामच्या हनोईत गेला आणि ३-० असा हरला. मराठी मुलखातल्या त्या क्लबाचं आशियाच्या सर्वोच्च स्पर्धेचं स्वप्न पहिल्याच पायरीवर संपलं, आणि वर्ष-दीड वर्षात क्लबही बंद पडला.

मग २०२१ साली एक बदल झाला. आशियाई महासंघानं चॅम्पियन्स लीगमधल्या क्लबांची संख्या ३२ वरून ४० केली आणि भारताला थेट साखळी फेरीत एक जागा मिळाली. ती जागा मिळवणारा पहिला भारतीय क्लब होता एफसी गोवा. सामने फातोर्ड्यालाच झाले. कतारच्या अल-रय्यानशी दोन्ही सामने आणि अबुधाबीच्या अल-वहदाशी एक सामना बरोबरीत सोडवून गोव्यानं तीन गुण मिळवले. विजय मात्र मिळाला नाही. तो मिळवला मुंबई सिटीनं, ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या अल-कुव्वा अल-जाविया क्लबाला २-१ असं हरवून. चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबाचा तो पहिला विजय. मुंबईनं त्या गटात दुसरा क्रमांक मिळवला. पुढच्या, २०२३-२४ च्या स्पर्धेत मात्र मुंबईनं गटातले सहाही सामने गमावले. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर सौदीचा अल-हिलाल येऊन जिंकून गेला.

२०२४ मध्ये आशियातही तीन मजली रचना आली. सर्वांत वर एलिट, मग चॅम्पियन्स लीग टू आणि तळाशी चॅलेंज लीग. भारताचे क्लब पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या स्पर्धेत आले. एकाला थेट प्रवेश आणि एकाला पात्रता सामना. गोव्याला सुपर कप जिंकूनही देवडीत का थांबावं लागलं, त्याचं उत्तर हे. थेट जागा लीगमध्ये पहिल्या आलेल्या मोहन बागानला गेली होती. २०२४ मध्ये याच पायरीवर कोलकात्याचा ईस्ट बंगाल तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असीरकडून २-३ असा हरला आणि चॅलेंज लीगमध्ये उतरला. तिथं मात्र तो उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. गोव्यानं २०२५ मध्ये ही पायरी चढली, आणि तीही २०२२ चा एएफसी कप जिंकलेल्या अल-सीबविरुद्ध.

पुढं काय झालं? २२ ऑक्टोबर २०२५ रोजी अल-नासर फातोर्ड्याला आला. रोनाल्डो आला नाही, त्यामुळे पुष्कळांची निराशा झाली. अल-नासर २-१ असा जिंकला. पण गोव्याचा एकमेव गोल केला तो ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच मुलानं. गटातून पुढे जाणं गोव्याला जमलं नाही. तरी अल-नासरसारख्या संघासमोर एका गोलाच्या फरकानं हरणं आणि त्यांच्या जाळ्यात चेंडू घालणं हे गोव्यातल्या शंभर मुलांना मैदानावर नेणारं आहे.

मात्र या यशावर एक सावली होती. जुलै २०२५ मध्ये, म्हणजे पात्रता सामन्याच्या जेमतेम महिनाभर आधी, भारताची इंडियन सुपर लीग पुढे ढकलली गेली. फुटबॉल महासंघ आणि त्याचा व्यापारी भागीदार यांच्यातल्या कराराचं नूतनीकरण अडलं होतं. ज्या देशात लीगचा पत्ता नाही, त्या देशाचा क्लब आशियाच्या दारात उभा होता. आपण गुणांकाचा हिशेब पाहिला. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एका क्लबाचा पराभव हा त्या एकट्याचा नसतो. वहीत नाव देशाचं लिहिलं जातं. आज कोलकात्याचा क्लब हरला, तर उद्या गोव्याच्या किंवा मुंबईच्या क्लबाला एक पायरी खालून सुरुवात करावी लागते. आणि घरची लीगच वेळेवर झाली नाही, तर सगळ्यांचीच पायरी खाली सरकते.

म्हणून पात्रता फेरीकडे दुय्यम सामने म्हणून पाहू नये असं मला वाटतं. अंतिम सामना सगळं जग पाहतं. त्यातल्या संघांची नावं आपल्याला पाठ असतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्याकडे कपाशीला पात्या-फुलं धरत असतात त्या दिवसांत, क्रीडापानाच्या एखाद्या कोपऱ्यात दोन ओळींत छापलेले निकाल असतात. अनोळखी गावं, उच्चारायला अवघड क्लब. पुढच्या जुलैत त्या दोन ओळी जरूर वाचा. त्यांतल्या एखाद्या गावाचं नाव सप्टेंबरात सगळ्या जगाच्या तोंडी झालेलं असतं. आणि त्या निकालांत भारतातल्या एखाद्या क्लबाचं नाव दिसलं, तर एवढं ध्यानात ठेवा की तो क्लब आपल्या सगळ्यांच्या वतीनं देवडीत उभा आहे.